पेर्थेसचं दुकान आणि पुस्तकाची छापील किंमत

1816 साली हांबुर्गच्या एका पुस्तकविक्रेत्याने एक छोटी पुस्तिका लिहिली. तिचा सगळा दावा शीर्षकातच होता: जर्मन ग्रंथव्यापार ही जर्मन साहित्याच्या अस्तित्वाची अट आहे. लेखकाची प्रतिभा, वाचकाची गोडी, राजाचा आश्रय हे सगळं मान्य करूनही त्याने पहिला मान व्यापाराला दिला. फ्रीडरिश क्रिस्टोफ पेर्थेस हे त्याचं नाव.

त्या काळी जर्मनी नावाचा एकसंध देश नव्हता. नेपोलियनच्या पाडावानंतर सुमारे 40 लहानमोठी राज्यं उरली होती. त्यांची नाणी वेगळी, जकात वेगळी, सेन्सॉरही वेगळा. फ्रेंच साहित्याला पॅरिस होतं, इंग्रजीला लंडन होतं. जर्मन भाषेला अशी राजधानी नव्हती. तरीही ब्रेमेनमध्ये आणि म्युनिकमध्ये लोक एकाच हंगामात एकच नवं पुस्तक वाचून त्यावर वाद घालत होते, आणि हे घडवून आणत होती ती पुस्तकांच्या दुकानांची साखळी. पेर्थेसचा दावा या वस्तुस्थितीवर उभा होता. मला तो आजही पटतो.

आपल्याकडे पुस्तकांवरच्या भरमसाठ सवलतींचा विषय निघाला, की जर्मनीचं उदाहरण हमखास दिलं जातं. तिथे छापील किमतीपेक्षा कमी दराने नवं पुस्तक विकता येत नाही, तसा कायदा इथेही करा, अशी मागणी होते. मागणी रास्त आहे, पण तिच्यात एक महत्त्वाची पायरी गाळलेली असते. किंमत बांधून देण्याचा नियम जर्मन व्यापारात आला तो 1888 मध्ये, म्हणजे पेर्थेसच्या मृत्यूनंतर 45 वर्षांनी. त्याआधी जवळजवळ शतकभर तिथे माल पोचवण्याची, न खपलेला परत घेण्याची आणि हिशोब मिटवण्याची व्यवस्था घडत होती. नियम टिकला तो त्या व्यवस्थेच्या जोरावर. हा क्रम समजून घ्यायचा, तर पेर्थेसच्या आयुष्याइतकं चांगलं साधन दुसरं नाही.

त्याचा जन्म 21 एप्रिल 1772 चा, थुरिंगियातल्या रुडोलश्टाट गावचा. सात वर्षांचा असताना वडील वारले, पुढे नातेवाइकांनी सांभाळलं. 1787 मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, तो लाइपझिगला ब्योमे नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे उमेदवारीला लागला. दुकानात शेकायला विस्तव नसे. एका हिवाळ्यात पायांना हिमबाधा झाली आणि तो कित्येक आठवडे अंथरुणाला खिळला. उमेदवारीचं काम काय असे, हे इथे नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून उगवलेलं आहे.

पुस्तक तेव्हा बांधलेलं मिळत नसे. छापखान्यातून निघत ते सुटे फर्मे. मोठ्या कागदाच्या दोन्ही बाजूंना आठ-आठ पानं छापायची, कागदाला तीन घड्या घालायच्या, की अष्टपत्री आकाराची 16 पानं होतात. म्हणजे 320 पानांचं पुस्तक 20 फर्म्यांचं. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी क्रमाचं खूणअक्षर छापलेलं असे. उमेदवाराने त्या अक्षरांवर नजर ठेवून फर्मे मोजायचे, क्रमाने लावायचे आणि एकेक प्रत जुळवायची. एखादा फर्मा कमी आला किंवा एकच दोनदा आला, की ती प्रत अपुरी. मग प्रकाशकाला चिठ्ठी लिहून हरवलेला फर्मा मागवायचा. ही चूक जुळवणाऱ्याच्या हातून सुटली, तर ती थेट गिऱ्हाइकाच्या गावच्या बांधणीवाल्याकडे उघडकीला येई, आणि तोवर कित्येक महिने गेलेले असत. याशिवाय गावभरच्या गोदामांतून मागणीची पुस्तकं गोळा करत हिंडणं हे रोजचंच. (फर्मा हेच सगळ्याचं माप असल्याने सेन्सॉरही फर्म्यांतच मोजे: जर्मन राज्यांच्या 1819 च्या कार्ल्सबाड ठरावांनुसार 20 फर्म्यांपर्यंतचं लिखाण छापण्याआधी तपासून घ्यावं लागे, त्याहून जाड पुस्तक त्यातून सुटे.)

लाइपझिगमध्ये या मुलाने जो व्यापार पाहिला, तो एका मोठ्या बदलाच्या मध्यावर होता. जुनी पद्धत अदलाबदलीची होती. पुस्तकांच्या जत्रेला दोन प्रकाशक भेटत आणि फर्म्याला फर्मा या हिशोबाने आपापला माल बदलून घेत. रोख पैसा लागत नसे, ही तिची मोठी सोय. पण त्यात दोन दोष होते. पहिला, चांगल्या ग्रंथाचा फर्मा आणि टाकाऊ ग्रंथाचा फर्मा एकाच मोलाचा ठरे, त्यामुळे कसदार ग्रंथाला मोठं मानधन देऊन तो छापणारा तोट्यात जाई. दुसरा, ज्याला पुस्तकं विकायची त्याला पुस्तकं छापावीच लागत, कारण अदलाबदलीसाठी स्वतःचा माल हवा. नुसता विक्रेता या पद्धतीत जगू शकत नव्हता.

लाइपझिगच्या वाइडमान प्रकाशनाचा चालक फिलिप एरास्मुस राइश याने ही पद्धत मोडली. 1764 मध्ये त्याने फ्रांकफुर्टच्या जत्रेतून अंग काढून घेतलं आणि सगळा व्यवहार लाइपझिगला आणला. आमचा माल हवा तर रोख पैसे मोजा, परत घेणार नाही, आणि कमिशनही बेताचंच, असा त्याचा बाणा. त्याच्या बाजूने पाहिलं तर हे बरोबरच होतं. त्याच्याकडे नावाजलेले लेखक होते आणि त्यांना द्यायला पैसा लागत होता. पण दक्षिणेतल्या लहान विक्रेत्यांना रोखीचा भार पेलवेना. न खपलेली प्रत गळ्यात पडण्याची भीती, त्यात वाहतुकीचा खर्च. मग त्यातल्या अनेकांनी सरळ मार्ग धरला: उत्तरेतलं गाजलेलं पुस्तक परवानगीशिवाय आपल्या गावी छापायचं. व्हिएन्नाचा छापखानेवाला ट्राटनर याने तर दरबाराच्या पाठिंब्याने हा मोठा उद्योग केला. त्या त्या राज्यात तो गुन्हाही नव्हता.

या भांडणातून अठराव्या शतकाच्या अखेरीस जी तडजोड निघाली तिला आपल्या बाजारपेठेत अगदी नेमका शब्द आहे: जांगड. प्रकाशकाने नवी पुस्तकं दुकानाला जांगड पाठवायची. वर्षभर ती दुकानात राहतील. पुढच्या वर्षी ईस्टरच्या जत्रेला हिशोब: विकलं त्याचे पैसे द्या, उरलं ते परत करा, आणि प्रकाशकाची संमती असेल तर काही प्रती पुढच्या वर्षासाठी ठेवून घ्या. दुकानाचं कमिशन साधारण एकतृतीयांश. माल लाइपझिगपर्यंत पोचवण्याचा खर्च प्रकाशकाचा, तिथून पुढे दुकानाचा.

यात लाइपझिगचं काम काय, हे बहुतेक वर्णनांतून सुटतं. प्रत्येक गावच्या दुकानदाराचा लाइपझिगमध्ये एक ठरलेला अडत्या असे, तसाच प्रत्येक बाहेरगावच्या प्रकाशकाचाही. दुकानदार आपल्या सगळ्या मागण्यांच्या चिठ्ठ्या एकाच पाकिटात अडत्याला पाठवी. अडत्या त्या निरनिराळ्या प्रकाशकांच्या अडत्यांकडे वाटून टाकी, त्यांच्याकडून येणारी पुडकी एकत्र करी आणि एकच गाठोडं बांधून त्या गावी रवाना करी. 50 प्रकाशकांशी 50 पत्रव्यवहार आणि 50 वाहतुकी करण्याऐवजी एक पत्र आणि एक गाठोडं. पैसेही तसेच एका हातातून. 1842 मध्ये तर या चिठ्ठ्यांच्या वाटपासाठीच लाइपझिगमध्ये एक सामायिक कचेरी उघडली गेली.

आता पेर्थेसकडे. उमेदवारी संपवून तो 1793 मध्ये हांबुर्गला होफमान नावाच्या विक्रेत्याकडे नोकरीला गेला आणि 1796 मध्ये, चोविसाव्या वर्षी, मित्रांकडून भांडवल उभं करून त्याने स्वतःचं दुकान थाटलं. या दुकानाचं वैशिष्ट्य असं, की त्याच्या मागे प्रकाशन नव्हतं. स्वतःचं काही न छापता फक्त इतरांची पुस्तकं निवडून विकणारं हे जर्मनीतलं पहिलं दुकान मानलं जातं. जांगड पद्धत नसती तर हे दुकान निघालंच नसतं. निवडक जुने आणि नवे ग्रंथ, विषयवार लावलेले, आणि बांधलेल्या प्रती समोर, म्हणजे गिऱ्हाइकाला हातात घेऊन चाळता येतील अशा. सुट्या फर्म्यांच्या जमान्यात ही फार मोठी सोय होती. घडी न कापलेला फर्मा उलगडून कोणी मजकूर वाचत उभं राहत नाही. तिथे माणूस नाव ऐकून किंवा यादी पाहून पुस्तक मागवतो, आणि ज्याचं नाव कानावर आलेलं नाही तो लेखक तसाच मागे राहतो.

सुरुवातीची वर्षं ओढगस्तीची गेली. 1798 मध्ये योहान हाइनरिश बेसर भागीदार म्हणून आला, पुढे तो पेर्थेसचा मेव्हणाही झाला. दरम्यान 1797 मध्ये पेर्थेसचं लग्न कवी माटियास क्लाउडियुस याची मुलगी कारोलीने हिच्याशी झालं होतं. हांबुर्ग हे बंदराचं, व्यापाऱ्यांचं शहर. तिथे विद्यापीठ नव्हतं. इतक्या मोठ्या प्रमाणावर नुसतं पुस्तकांचं दुकान अशा गावात चालेल, यावर अनेकांचा विश्वास नव्हता. ते चाललं, आणि उत्तर जर्मनीतल्या मोठ्या दुकानांत त्याची गणना होऊ लागली.

युद्धाचा भाग थोडक्यात सांगतो. 1810 मध्ये पेर्थेसने एक राष्ट्रीय नियतकालिक सुरू केलं. हांबुर्ग फ्रेंच साम्राज्यात सामील करून घेतल्यावर ते 1811 मध्ये बंद पडलं. 1813 च्या उठावात तो शहराच्या नागरिक-दलात पुढे होता. मे अखेरीस फ्रेंच सेनापती दाव्हूच्या फौजा शहरात परत आल्या तेव्हा त्याला कुटुंबासह पळावं लागलं. दुकानाला टाळं लागलं, मालमत्ता जप्त झाली, आणि फ्रेंचांनी सर्वांना माफी जाहीर केली तेव्हा ज्या दहा जणांना वगळलं त्यात त्याचं नाव होतं. 1814 मध्ये परतल्यावर त्याने दुकान पुन्हा उभं केलं. त्या अवस्थेतही माल पुन्हा मिळू शकला, कारण हा सगळा व्यापार बाजारातल्या पतीवर, म्हणजे विश्वासावर, चालत होता आणि त्याची पत शाबूत होती.

1816 ची पुस्तिका या अनुभवानंतरची आहे. तिच्या केंद्रस्थानी चोरट्या आवृत्त्यांचा प्रश्न होता. व्हिएन्ना परिषदेत पुस्तकविक्रेत्यांच्या वतीने कोटा आणि बेर्टुख हे दोन प्रकाशक जाऊन आले होते, आणि 1815 च्या जर्मन संघराज्य करारात चोरट्या छपाईविरुद्ध समान नियम करण्याचं आश्वासन मिळालं होतं. ते प्रत्यक्षात यायला फार काळ गेला; प्रशियाने लेखकाच्या मृत्यूनंतर 30 वर्षांपर्यंत हक्क देणारा कायदा केला तो 1837 मध्ये. पेर्थेसचं म्हणणं असं: चोरटा छापणारा फक्त खपलेलीच पुस्तकं छापतो. न खपणाऱ्या दहा पुस्तकांचा धोका मूळ प्रकाशकाने घ्यायचा, आणि ज्या एका पुस्तकाने तो भरून निघायचा त्याचा नफा मात्र याने न्यायचा. असं चालू राहिलं तर मूळ प्रकाशक फक्त हमखास खपणारंच छापेल, आणि गंभीर ग्रंथ निघणंच थांबेल.

या युक्तिवादाला एक वजनदार आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणं योग्य नाही. काही अर्थइतिहासकारांच्या मते जर्मनीत इतकी पुस्तकं आणि इतकं उपयोजित ज्ञान पसरलं तेच मुळी हक्कांच्या अभावामुळे. चोरट्या आवृत्त्यांनी किमती पाडल्या, दक्षिणेतल्या कॅथलिक प्रदेशात वाचक घडवला. राइशच्या महागड्या आवृत्त्या तिथे कधीच पोचल्या नसत्या. यात तथ्य आहे. स्वस्त आवृत्तीची भूक खरी होती आणि मूळ प्रकाशकांनी तिच्याकडे दुर्लक्ष केलं होतं. पण या आक्षेपातून निष्पन्न होतं ते एवढंच, की मूळ प्रकाशकाने स्वतः स्वस्त आवृत्ती काढायला हवी आणि हक्काला मुदत हवी. पहिली आवृत्ती काढण्याचा खर्च कोण सोसणार, या प्रश्नाचं उत्तर चोरटा छापणारा देऊ शकत नाही. त्या बाबतीत पेर्थेस बरोबर होता.

1821 मध्ये कारोलीने गेली. पुढच्या वर्षी पेर्थेसने हांबुर्गचं दुकान बेसरच्या हाती सोपवलं आणि पन्नाशीत गोथाला जाऊन प्रकाशन सुरू केलं. तिथे त्याचे काका युस्टुस पेर्थेस यांनी 1785 मध्ये स्थापलेली, पुढे नकाशांसाठी जगभर प्रसिद्ध झालेली संस्था होती; फ्रीडरिशचं प्रकाशन तिच्याहून स्वतंत्र. 25 वर्षं विक्रीच्या बाजूला काढून मग तो प्रकाशक झाला, याला मी फार महत्त्व देतो. त्याने सगळं काही छापलं नाही. इतिहास आणि धर्मशास्त्र, इतकेच विषय धरले. इतिहासकार रांके याचं सर्बियन क्रांतीवरचं पुस्तक त्याने 1829 मध्ये काढलं. त्याच वर्षी हेरेन आणि उकेर्ट यांच्या संपादनाखाली युरोपीय राज्यांच्या इतिहासाची माला सुरू झाली. देशागणिक स्वतंत्र लेखक, अनेक खंड. अशा मालेत नेहमी जे होतं तेच तिथेही झालं: लेखकांची हस्तलिखितं वर्षानुवर्षं लांबली, आणि माला पेर्थेसच्या पश्चातही कित्येक दशकं चालू राहिली. नुसत्या मागणीवर बघून चालणाऱ्या प्रकाशकाने तिला हात घातला नसता.

30 एप्रिल 1825 रोजी लाइपझिगमध्ये जर्मन पुस्तकविक्रेत्यांचा संघ, ब्योर्सेनफेराइन, स्थापन झाला. त्याला आकार देणाऱ्यांत पेर्थेस अग्रभागी होता. साहित्यसंस्था म्हणून तो जन्मला नाही. ईस्टरनंतरच्या चौथ्या रविवारी, ज्याला कांटाटे म्हणतात, त्या आठवड्यात सगळे विक्रेते आणि प्रकाशक लाइपझिगला जमून वर्षाचा हिशोब मिटवत. निरनिराळ्या राज्यांची नाणी, त्यांचे बदलते दर, एकमेकांची देणी-घेणी वळती करणं, यासाठी एक छप्पर आणि एक नियमावली हवी होती. त्यासाठी हा संघ. 1834 मध्ये त्याचं मुखपत्र निघालं, 1836 मध्ये स्वतःची इमारत झाली. पुढे 1853 मध्ये लाइपझिगला पुस्तकविक्रीचं शिक्षण देणारी शाळा निघाली, आणि 1912 मध्ये याच संघाने साक्सनी राज्य आणि लाइपझिग शहर यांच्या जोडीने जर्मन भाषेतलं प्रत्येक नवं प्रकाशन जतन करणारं ग्रंथालय उभारलं. देणं मिटवायला जमलेल्या दुकानदारांच्या हातून हे सगळं घडलं.

या पद्धतीत बिघाड कुठे होत, तेही पाहायला हवं. पहिला बिघाड दानतीचा. दुकानदाराने पुस्तक विकलेलं असे, पैसे खर्च करून टाकलेले असत, आणि हिशोबाच्या वेळी तो ती प्रत 'अजून शिल्लक, पुढच्या वर्षी ठेवून घेतो' अशी लिहून देई. प्रकाशकाच्या वहीत 200 प्रती बाजारात आहेत असं दिसे. प्रत्यक्षात त्यातल्या निम्म्या कधीच संपलेल्या. त्याला दुसरी आवृत्ती काढायची की नाही हे कळेनासं होई. उलट प्रकारही घडे: खप दिसतो म्हणून नवी आवृत्ती काढावी, आणि ईस्टरला पहिल्याच आवृत्तीच्या प्रती गाड्या भरभरून परत याव्यात. दुसरा बिघाड फुगवट्याचा. माल जांगड जात असल्याने छापण्याला लगाम राहिला नाही. 1843 मध्ये, म्हणजे पेर्थेस वारला त्या वर्षी, जर्मनीत वर्षाला 14,000 च्या आसपास पुस्तकं निघत होती. त्यानंतर हा आकडा जोरात घसरला. तिसरा बिघाड मालाचा: न बांधलेले फर्मे दोन वेळा प्रवास करून आले, की कडा मळलेल्या, कोपरे दुमडलेले, आणि त्या प्रती नव्या म्हणून पुन्हा विकता येत नसत.

आता सवलतीचा हिशोब. एक थालर म्हणजे 30 ग्रोशेन. एक थालर किमतीच्या 10 प्रती दुकानात जांगड आल्या, 6 विकल्या गेल्या, असं धरू. एकतृतीयांश कमिशनने प्रतीमागे 10 ग्रोशेन, म्हणजे 60 ग्रोशेन हाती येतात. त्यातून दहाही प्रती आणण्याचा खर्च, चार परत पाठवण्याचा खर्च, अडत्याची अडत, भाडं आणि नोकर. आता गिऱ्हाइकाला 10 टक्के सवलत द्यायची, तर प्रतीमागे 3 ग्रोशेन गेले. उरले 42. किमतीतली 10 टक्के सवलत ही दुकानाच्या मिळकतीतली 30 टक्के कपात आहे. पूर्वीइतकेच 60 हाती यायचे, तर सहाऐवजी नऊ प्रती विकाव्या लागतात. जो दुकानदार चार न खपणाऱ्या प्रतीही मांडून ठेवतो त्याला हे परवडत नाही. ज्याच्याकडे मांडून ठेवलेला माल नाही, जो फक्त मागणी आलेलंच पुस्तक प्रकाशकाकडून उचलून पुढे पाठवतो, त्याला सहज परवडतं.

नेमकं हेच पुढे घडलं. रेल्वे आली, आणि 1874 पासून जर्मन टपाल खात्याने 5 किलोपर्यंतचं पार्सल देशात दूरवर कुठेही 50 फेनिगमध्ये पोचवायला सुरुवात केली. लाइपझिग आणि बर्लिनच्या काही विक्रेत्यांनी गोदामाच्या दारातूनच माल उचलून मोठ्या सवलतीत तो गावोगावच्या वाचकांना थेट धाडायला सुरुवात केली. गावातला वाचक स्थानिक दुकानात पुस्तक चाळे आणि मागणी लाइपझिगला पाठवी. आजच्या ऑनलाइन विक्रीचा पेच तिथे दीडशे वर्षांपूर्वी याच रूपात उभा राहिला होता.

श्टुटगार्टचा प्रकाशक आडोल्फ क्र्योनर संघाचा अध्यक्ष असताना यावर उपाय झाला. 1887 मध्ये फ्रांकफुर्टच्या सभेत ठराव झाला आणि 1888 पासून नवी घटना लागू झाली: किंमत प्रकाशक ठरवेल, आणि सभासदाने ती पाळायची. थोडी रूढ सवलत काही काळ चालू राहिली, तीही पुढे कमी होत गेली. नियम मोडणाऱ्याला दंड करायला पोलीस नव्हते. त्याची शिक्षा वेगळी होती: प्रकाशक त्याला माल देणं थांबवत आणि संघाच्या सोयी त्याला बंद होत. लाइपझिगच्या अडतीतून बाहेर पडलेला विक्रेता त्या काळी धंद्यातूनच बाहेर पडे. माझा मुद्दा हाच आहे. नियमाला दात होते ते लाइपझिगचे, आणि ते पेर्थेसच्या पिढीने घडवलेले होते.

1903 मध्ये लाइपझिगचे अर्थशास्त्रज्ञ कार्ल ब्यूशर यांनी या व्यवस्थेवर कडाडून टीका केली. विक्रेत्यांच्या मक्तेदारीमुळे विद्वानांना आणि ग्रंथालयांना पुस्तकं महाग पडतात, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या बाजूला प्राध्यापकांची संघटना उभी राहिली. टीकेचा एक भाग खरा होता: विक्रेत्यांचा संघ वाचकाला न विचारता स्वतःपुरते नियम करतो, तेव्हा त्यावर बाहेरून नजर हवीच. आज तिथे संघाच्या ठरावाच्या जागी 2002 चा कायदा आहे, आणि तो सार्वजनिक ग्रंथालयांना 10 टक्क्यांपर्यंत सवलत देऊ देतो, 18 महिन्यांनंतर प्रकाशकाला किंमत मोकळी करण्याची मुभाही देतो. ब्यूशर यांचा आक्षेप अशा प्रकारे अंशतः कायद्यात उतरला आहे.

पण किंमत बांधली की पुस्तक महागतं, हा निष्कर्ष मात्र इतिहासात टिकत नाही. 9 नोव्हेंबर 1867 रोजी जुन्या अभिजात लेखकांचे हक्क संपले आणि त्याच महिन्यात लाइपझिगच्या रेक्लाम प्रकाशनाने गटेच्या 'फाउस्ट'चे दोन भाग आपल्या नव्या मालेत प्रत्येकी 2 ग्रोशेनला काढले. पुढे मार्क चलन आलं तेव्हा तीच किंमत 20 फेनिग झाली, आणि 1917 पर्यंत ती तशीच राहिली. म्हणजे क्र्योनरच्या नियमाखाली जवळपास तीन दशकं एक अतिशय स्वस्त पुस्तकमाला सुखेनैव खपत होती. पुस्तक स्वस्त होतं ते लहान आकाराने, मोठ्या आवृत्तीने, हक्कमुक्त मजकुराने. काउंटरवरच्या सवलतीने ते स्वस्त होत नाही. त्या सवलतीची भरपाई आधीच वाढवून छापलेल्या किमतीत असते, किंवा दुकानाच्या पोटातून येते.

मराठीत हा प्रश्न कुठे उभा आहे? आपल्या छापील किमतीला कायद्याने वरची मर्यादा आहे, खालची नाही. समजा 300 रुपयांचं पुस्तक दुकानाला 30 टक्के कमिशनने मिळालं, तर 90 रुपये सुटतात. प्रदर्शनात तेच पुस्तक प्रकाशक स्वतः 20 टक्के सवलतीने विकत असेल आणि दुकानदाराने बरोबरी केली, तर त्याच्याकडे 30 रुपये उरतात. एक कपाट कवितेचं, एक समीक्षेचं, एक तालुक्यातल्या नव्या लेखकांचं ठेवण्याची ताकद त्यात नाही. म्हणून दुकानं कमी होतात, आणि प्रकाशक म्हणतात दुकानंच नाहीत, मग प्रदर्शनाशिवाय आम्ही विकायचं कुठे.

यावर लगेच कायदा मागणाऱ्यांना दोन अडचणींचा विचार करावा लागेल. ब्रिटनमध्ये 1900 पासून प्रकाशकांचा असाच किंमत-करार होता. 1990 च्या दशकात मोठ्या प्रकाशकांनी अंग काढताच तो कोसळला आणि 1997 मध्ये न्यायालयाने तो बेकायदा ठरवला. कायद्याचा आधार नसलेला आणि व्यवस्थेची पकड सैल झालेला करार असा जातो. दुसरी अडचण आपली. भारताच्या 2002 च्या स्पर्धा कायद्यानुसार प्रकाशकांनी एकत्र येऊन किंमत ठरवणं हे स्पर्धाविरोधी मानलं जातं, आणि विक्रेत्यावर पुनर्विक्रीची किंमत लादणंही त्या कायद्याच्या कक्षेत येतं. संसदेने पुस्तकांसाठी वेगळी तरतूद केल्याशिवाय क्र्योनरचा मार्ग इथे खुला नाही.

पेर्थेसचा मार्ग मात्र खुला आहे, आणि तो आधीचा आहे. एक सामायिक सूची, जिच्यात प्रत्येक मराठी पुस्तकाची आवृत्ती, किंमत आणि आज उपलब्ध प्रती रोज नोंदल्या जातील. पुण्यात किंवा मुंबईत एक आणि विदर्भ-मराठवाड्यासाठी एक अशी सामायिक गोदामं, जिथून नांदेडच्या दुकानाला 30 प्रकाशकांचा माल एका गाठोड्यात आणि एका बिलावर जाईल. जांगड मालाला नऊ महिने किंवा वर्ष अशी पक्की मुदत, आणि वर्षातला एक ठरलेला हिशोबाचा आठवडा, ज्यानंतर न मिटवलेल्या दुकानाचा नवा पुरवठा थांबेल. परत आलेली प्रत मोजून, तपासून, सूचीत पुन्हा चढवण्याची पद्धत. शिल्लक खोटी लिहून देण्याचा जर्मन दुकानदारांचा जुना रोग आज बारकोडने विक्रीच्या क्षणीच पकडता येतो. यातल्या एकाही गोष्टीला स्पर्धा कायदा आड येत नाही, कारण यात किंमत कोणीच ठरवत नाही.

खर्च कोणी करायचा, हा प्रश्न उरतो. जर्मनीत तो विक्रेते आणि प्रकाशकांनी वर्गणीतून आणि अडतीतून केला, सरकारने नव्हे. आपल्याकडे भाषेच्या नावाने सरकारी निधी उपलब्ध होतो, तो बहुतांश संमेलनं, पुरस्कार आणि अनुदानित ग्रंथ यांच्याकडे वळतो. त्यातला एक हिस्सा गोदामाच्या आणि सूचीच्या पहिल्या तीन वर्षांच्या खर्चासाठी द्यावा, आणि नंतर तो प्रत्येक बिलावरच्या ठरावीक अडतीतून भागावा. सरकारचा हात पुस्तकांच्या निवडीत नसावा, फक्त जागा, संगणक आणि वाहतूक यांत असावा. आणि ग्रंथालयांची खरेदी, जी आज जास्तीत जास्त सवलत देणाऱ्या पुरवठादाराकडे जाते, ती जिल्ह्यातल्या माल ठेवणाऱ्या दुकानातून, 10 टक्क्यांच्या कमाल सवलतीने करण्याचा नियम राज्य सरकार स्वतःच्या अनुदानाच्या अटींमध्ये घालू शकतं. त्याला संसदेची वाट पाहायची गरज नाही.